कलम तर गेलं ना, मग अजून काय पाहिजे?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या वॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी प्राइड मार्चचा, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या मोर्चाचा, एक फोटो टाकला आणि त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी सरळ मनाने विचारलं, "ते कलम तर कधीच गेलं ना, मग आता हे लोक अजून काय मागतायत?" दोघातिघांनी हसायचे इमोजी टाकले, कुणी म्हणालं काकू जाऊ द्या, आणि पाच मिनिटांत विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

पण प्रश्न बरोबर होता. मी ५५ वर्षांचा आहे, ठाण्यात नौपाड्यात वाढलो, आता कोपरखैरण्याला राहतो आणि मी समलिंगी आहे. निम्म्या सोसायटीला हे माहिती आहे, उरलेल्यांना अंदाज आहे. काकूंना ग्रुपवर दोन ओळीत उत्तर देता आलं नसतं म्हणून सगळं नीट लिहितोय, कारण "कलम गेलं", म्हणजे ३७७ कलम गेलं, म्हणजे काय ते कळायला आधी ते कलम होतं तेव्हा काय होतं ते कळायला हवं.

आधी दोन शब्द

समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाचं प्रेम, ओढ पुरुषाकडे असते किंवा ज्या बाईची बाईकडे असते तो माणूस. बोलताना पुरुषांसाठी "गे" म्हणतात. तृतीयपंथी किंवा ट्रान्सजेंडर हा वेगळा विषय आहे, तिथे प्रश्न "मी कोण" हा असतो आणि इथे प्रश्न "माझं प्रेम कोणावर" हा. लोक दोन्हीची सरमिसळ करतात म्हणून सांगितलं, बाकी जड शब्द मी वापरणार नाहीये.

३७७ म्हणजे नेमकं काय होतं

भारतीय दंडविधान इंग्रजांनी १८६० साली केलं आणि ते १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं. त्यातलं कलम ३७७, मथळा "अनैसर्गिक अपराध". निसर्गक्रमाच्या विरुद्ध शरीरसंबंध ठेवला तर दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप. निसर्गक्रम म्हणजे काय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. दोघं सज्ञान आहेत का, दोघांची मर्जी होती का, बंद दाराआड होतं का, यातलं काही विचारायची सोय त्यात नव्हती. बलात्कार करणारा आणि वीस वर्षं सुखाने एकत्र राहणारे दोघं, कलमाच्या नजरेत सगळे एकाच रांगेत.

हा कायदा आला कुठून, तर इंग्लंडातून. तिथे आठव्या हेन्रीच्या काळात १५३३ साली असा कायदा झाला आणि १८६१ पर्यंत त्याला फाशीची शिक्षा होती. आपल्याकडे मेकॉलेच्या समितीने मसुदा केला तेव्हा या विषयावर जाहीर चर्चासुद्धा होऊ नये म्हणून मुद्दाम त्यावर काही लिहायचं टाळलं. म्हणजे ज्यांनी गुन्हा ठरवला त्यांनीच त्यावर बोलायचं नाही असंही ठरवलं. इंग्लंडने स्वतःचा कायदा १९६७ साली बदलला, आपण मात्र त्यांची उरलेली वस्तू सांभाळत बसलो, पुढची ५१ वर्षं.

"पण ते कलम वापरलं कुठे कुणी?"

हा आक्षेप नेहमीचा, आणि तो साधासुधा माणूसच घेतो असं नाही. २०१३ साली सुप्रीम कोर्टानेच निकालात लिहिलं की दीडशे वर्षांत दोनशेपेक्षा कमी लोकांवर खटले चालले, आणि हे लोक म्हणजे लोकसंख्येचा अगदी लहानसा हिस्सा. मग एवढा बाऊ कशाला?

आता मी एक प्रसंग सांगतो.

१९९३ साल, पावसाळा संपत आलेला. ठाण्यात तलावपाळीला, मासुंदा तलावाच्या कठड्यावर मी आणि एक मुलगा बसलो होतो. त्याची माझी ओळख तिसऱ्याच दिवसाची. आम्ही नुसते बोलत होतो, मधे भाजलेल्या शेंगांची पुडी, बोटं काळी झालेली. खाकी पँट घातलेला एक माणूस आला, समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, काय चाललंय तुमचं, मी बघतोय मगापासून. नाव विचारलं, कुठे राहतो विचारलं, घरी फोन आहे का विचारलं. होता, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, आणि त्या वेळेला बाबा बातम्या बघत बसलेले असणार हे मला माहिती होतं. तो म्हणाला तीनशे सत्त्याहत्तर माहितीये का, दहा वर्षं आत जाशील, नंबर दे घरचा.

माझ्याकडे ३४० रुपये होते ते दिले. मग त्याने मनगटाकडे बघितलं. एचएमटीचं घड्याळ होतं, पदवी मिळाली तेव्हा बाबांनी घेऊन दिलेलं. तेही दिलं. तो माणूस खरंच पोलीस होता की नुसतीच खाकी पँट होती हे मी विचारलंसुद्धा नाही. विचारायची हिंमतच नव्हती.

घरी सांगितलं गाडीत घड्याळ मारलं. बाबा लगेच उठले, चप्पल घालायला लागले, म्हणाले चल आत्ताच्या आत्ता तक्रार देऊ. मी त्यांचा हात धरून थांबवलं, म्हटलं जाऊ दे बाबा मिळणार आहे का ते. पुढच्या महिन्याच्या पगारातून त्यांनी मला दुसरं घड्याळ आणून दिलं. बाबा २००६ साली गेले, तोपर्यंत ते हेच समजत होते की गाडीत खिसेकापूने मारलं. शेंगांवाल्या मुलाला मी परत कधी बघितलं नाही.

आता हिशोब मांडा. कलमात लिहिलेला कुठलाच गुन्हा त्या दिवशी झाला नव्हता, कठड्यावर बसून शेंगा खाणं हा काही गुन्हा नाही. एफआयआर नाही, खटला नाही, कोर्टाच्या त्या दोनशेच्या आकड्यात आम्ही कुठेच नाही. पण कलमाने आपलं काम केलं होतं. ते असं काम करायचं, तोडपाणी करून, मांडवली करून, चौकीवर नेतो म्हणून, घरी सांगतो म्हणून, ऑफिसात कळवतो म्हणून. लहानपणी बागुलबुवा दाखवतात तसं, पण बागुलबुवा खोटा असतो हे मोठं झाल्यावर कळतं, हा मोठं झाल्यावर खरा निघाला.

आणि हे इंग्रजांना माहिती नव्हतं असं समजू नका. त्याच दंडविधानात कलम ३८८ होतं, खंडणीचं. एखाद्यावर मोठ्या गुन्ह्याचा आळ घेईन अशी धमकी देऊन पैसे उकळले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, आणि तो आळ जर ३७७ चा असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, असं त्यात नाव घेऊन लिहिलेलं होतं. म्हणजे या कलमाच्या नावाने लोक लुबाडले जाणार हे कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं! मग मी ३८८ खाली तक्रार का नाही दिली? कारण तक्रारीत लिहावं लागलं असतं की धमकी कशाची होती. ते वाक्य लिहायचं कसं आणि बाबांच्या समोर वाचायचं कसं. चोराला पकडायला आधी स्वतः उघडं पडायचं, अशी ती सोय होती.

तेव्हा माणसं एकमेकांना भेटायची कशी

मोबाईल नाही, नेट नाही. चित्रपटात असा माणूस आला तर विनोदासाठी. शाळेत "बायल्या" हा एकच शब्द सगळ्यांवर चालायचा, माझ्यावरही चालला. मला २० वर्षं वाटायचं की जगात असा मी एकटाच आहे, हे नाटकीपणाने नाही म्हणत, खरंच तसं वाटायचं.

मग १९९० साली मुंबईत अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' नावाचं समलिंगी लोकांसाठीचं मासिक काढलं. त्यांनी त्याच्या आधीच १९८६ मध्ये एका मासिकात मुलाखत देऊन नावानिशी सांगितलं होतं की मी गे आहे, त्या काळात हे म्हणजे अंगावर वीज घेण्यासारखं होतं. माझ्या हातात 'बॉम्बे दोस्त'चा एक अंक पडला तो असाच एकाकडून दुसऱ्याकडे फिरत आलेला, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला. तो मी घरी जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवायचो, कारण त्या गठ्ठ्याला आई फक्त दिवाळीच्या साफसफाईत हात लावायची. दसरा आला की अंक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये.

१९९४ मध्ये समलिंगी लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट सुरू झाली, पुढे वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. ठाण्याहून दादर, दादरला पूल चढून पश्चिम रेल्वे, सांताक्रूझला उतरून रिक्षा. पहिल्यांदा गेलो तेव्हा इमारतीसमोरून तीनदा पुढे गेलो आणि तीनदा परत आलो. वर गेलो तर काय, पंधरावीस माणसं चहा पीत बसलेली, कुणी बँकेतला, कुणी टेलर, एक तर शिक्षक, सगळे अगदी आपल्या डब्यातले वाटावेत असे. मी त्या दिवशी काहीच बोललो नाही, नुसता बसलो.

बरेचजण लग्न करून मोकळे झाले. मोकळे कसले, अडकले, आणि त्यांच्याबरोबर एकेक बाई अडकली जिचा यात काहीच दोष नव्हता. त्या बायकांबद्दल कुणी लिहीत नाही. मला एक माहिती आहे, कळव्याची, तिला वाटत राहिलं की आपल्यातच काही कमी आहे. ३७७ ने कोणाकोणाचं आयुष्य खाल्लं ते मोजायचं तर अशा बायका पण मोजाव्या लागतील.

"हे सगळं बाहेरून आलेलं फॅड, आपल्याकडे असं नव्हतं"

आपल्याकडे, आणि तेही मराठीत, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक काढायचे, १९२७ पासून. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. त्यात वाचक लैंगिक प्रश्न विचारायचे आणि ते उत्तरं द्यायचे, समलिंगी संबंधांबद्दलसुद्धा. १९३४ साली त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि हायकोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुद्दा साधा होता, की लोक प्रश्न विचारतायत तर त्यांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा. खटला हरले, दंड झाला. पण विचार करा, ९० वर्षांपूर्वी मराठी माणसं पत्र लिहून हा प्रश्न विचारत होती. तेव्हा कुठलं फॅड आणि कुठलं नेटफ्लिक्स. बाहेरून जे आलं ते कलम.

"पण निसर्गाच्या विरुद्ध तर आहेच ना"

माझी बहीण डावखुरी. आजी जेवताना तिचा डावा हात ओढणीने बांधून ठेवायची. ती उजव्या हाताने जेवायला शिकली, अक्षरही बरं काढायची, पण चेंडू अंगावर आला की डावाच हात पुढे जायचा. एवढंच आहे हे. संख्येने कमी असणं आणि निसर्गाच्या विरुद्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७ मे १९९० ला जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. उपचार करून, शॉक देऊन, लग्न लावून हे बदलत नाही, ज्यांनी प्रयत्न केले त्यांची माणसं मोडली फक्त.

लहान मुलांचं काय, असंही विचारतात. लहान मुलांवरचे अत्याचार हा गुन्हा आहे, त्यासाठी २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे, आणि तो मुलगा मुलगी दोघांनाही लागू आहे. त्याचा आणि दोन सज्ञान माणसांच्या प्रेमाचा काही संबंध नाही.

कोर्टात काय काय झालं

सुरुवात हक्कांपेक्षा जास्त आजाराच्या भीतीतून झाली. १९९४ मध्ये तिहार जेलमध्ये कंडोम वाटायला नकार दिला गेला, कारण कंडोम दिले तर जेलमध्ये ३७७ चा गुन्हा होतो हे मान्य केल्यासारखं होईल. त्यावर एका गटाने दिल्ली हायकोर्टात पहिला अर्ज केला. एड्सची साथ दारात आणि कंडोम वाटणारा माणूस कायद्याने गुन्हेगाराचा मदतनीस, अशी परिस्थिती होती. २००१ मध्ये लखनौला एड्सचं काम करणारे कार्यकर्ते पकडले आणि ते ४७ दिवस जेलमध्ये राहिले.

त्याच वर्षी एड्सवर काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेने ३७७ विरुद्ध दिल्ली हायकोर्टात केस टाकली. २ जुलै २००९ ला न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी निकाल दिला की सज्ञान माणसांच्या मर्जीतलं खाजगी नातं गुन्हा नाही. आम्ही पेढे वाटले. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. म्हणजे साडेचार वर्षं मी नागरिक होतो आणि एका बुधवारी सकाळी परत गुन्हेगार झालो, काहीही न करता. त्या साडेचार वर्षांत कितीतरी मुलांनी घरी सांगून टाकलं होतं, ते परत कसं घेणार?

मग २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने, नर्तक नवतेजसिंग जोहर आणि इतरांच्या केसमध्ये, ३७७ चा सज्ञान माणसांच्या मर्जीतल्या नात्याला गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी निकालात लिहिलं की या लोकांची आणि त्यांच्या कुटुंबांची इतिहासाने माफी मागायला हवी. "कुटुंबांची" हा शब्द मी परत परत वाचला. मला बाबा चप्पल घालताना दिसत होते.

मग आता राहिलं काय?

काकू, इथे तुमचं उत्तर सुरू होतं, आणि ठाण्या-नवी मुंबईतल्या माणसाला हे लगेच कळेल.

समजा तुमची बिल्डिंग अनधिकृत आहे. वर्षानुवर्षं डोक्यावर पाडापाडीची नोटीस. एक दिवस कोर्ट म्हणतं की पाडायची नाही, नोटीस रद्द. रात्री झोप लागायला लागते, ही लहान गोष्ट नाही. पण ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं पालिकेचं प्रमाणपत्र, मिळालं का? नाही. ओसी नाही म्हणजे लोन मिळताना अडचण, विकताना अडचण, रीडेव्हलपमेंटला अडचण. घर आहे, तुम्ही राहताय, पण कागदावर ते घर नाही.

२०१८ ला आमची पाडापाडीची नोटीस गेली. ओसी म्हणजे लग्न किंवा नात्याची नोंद, ते मागायला काही जोडपी सुप्रीम कोर्टात गेली आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्ट म्हणालं की लग्नाचा मूलभूत हक्क नाही, हे काम संसदेचं. लग्न नाही तर निदान नात्याला कायदेशीर दर्जा द्यावा का यावरही ३ विरुद्ध २ ने नकार आला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराचे अर्जही फेटाळले गेले.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती आहे. १ जुलै २०२४ पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ अख्खंच गाळलं. मर्जीतलं नातं तर आधीच गुन्ह्यातून बाहेर होतं. पण एखाद्या सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर जे उरलेलं ३७७ त्याच्या कामाला यायचं तेही गेलं आणि बलात्काराचं कलम फक्त स्त्रियांसाठी आहे. कायद्याने आमच्याबद्दल बोलायचंच थांबवलं, तशी जुनीच सवय.

"लग्नाचा कागद नसला तर बिघडतं काय?"

माझे दोन मित्र ऐरोलीत २२ वर्षं एकत्र राहिले. फ्लॅट एकाच्या नावावर, हप्ते दोघांनी भरले. ज्याच्या नावावर होता तो गेला, तीन दिवस आयसीयूत होता आणि दारावर दुसऱ्याला रोज विचारायचे, तुम्ही कोण लागता? तो सांगायचा मित्र. सहीसाठी गावाहून भाऊ आला. दहा दिवसांनी तोच भाऊ वकिलाला घेऊन फ्लॅटवर आला.

आता म्हणाल सोसायटीत नॉमिनी लावला नव्हता का. लावला होता! पण नॉमिनी म्हणजे मालक नाही. नॉमिनी म्हणजे शेजारी ठेवलेली किल्ली, घर सांभाळायचं आणि खऱ्या वारसाला द्यायचं. मृत्युपत्र नसेल तर वारस कोण ते वारसा कायदा ठरवतो, आणि त्यात बायको आहे, मुलं आहेत, आई, बाप, भाऊ, बहीण, पुतण्यापर्यंत सगळे आहेत, २२ वर्षं सकाळचा चहा करणारा माणूस नाही. माझ्या मित्राने घर सोडताना दोन बॅगा आणि तुळशीची कुंडी नेली.

म्हणून मागणी आहे. वरात आणि बँडबाजासाठी नाही, त्या आयसीयूच्या दारावर "मी याचा नवरा, मी याचा जोडीदार" असं म्हणता यावं आणि ते कागदावर टिकावं यासाठी.

तोपर्यंत काय करता येतं

२८ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही जोडीदाराला एकाच घरातला धरा असं राज्यांना कळवलं गेलं. हे उपयोगी आहे, करून घ्या. पण सगळ्यात आधी मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांसमोर सही करायची, त्या दोघांनीही सही करायची, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, आणि साक्षीदार असा घ्यावा ज्याला त्यातून काही मिळणार नाही.

मी आणि माझा जोडीदार, आम्ही दोघांनी गेल्या आठवड्यात केलं. एक साक्षीदार त्याचा ऑफिसमधला, दुसरा कोण हा प्रश्न होता. संध्याकाळी मी दुसऱ्या मजल्यावर गेलो आणि काकूंना हे सगळं सांगितलं, वर लिहिलंय तेवढं नाही, घड्याळाचं आणि तुळशीच्या कुंडीचं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चष्मा शोधायला आत गेल्या, आतूनच विचारलं, "आधार कार्ड पण लागेल का रे?"